स्मरण, सिमरन आणि जिक्र

पंजाबातील जयकृष्णी उपदेशी जनांच्या कानी ‘स्मरण’ आणि ‘सिमरन’ हे दोन्ही शब्द पडतात. दोहोंचे मूळ संस्कृत ‘स्मृ’ धातूत आहे. अरबी ‘जिक्र’ शब्दाचा धातू निराळा. परंतु आठवणे आणि मुखाने उच्चारणे हे दोन्ही अर्थ त्यातही आहेत. यावरून तिन्ही साधने एकच, असे अनुमान केले जाते. तेथे स्मरणाचा विषय कोण, हे पाहिले पाहिजे.

शीखमतात अकालपुरुष ‘अजूनी’, म्हणजे योनीत न येणारा. म्हणून सिमरन मुख्यत्वे नामाचे. इस्लामातही ईश्वराला अवतार नाही. जिक्र त्याच्या नामांचा होतो. सूफी साधक तो प्रकट व मौन अशा दोन्ही रीतींनी करतात. महानुभाव मतात परमेश्वर कृपावशे अवतार स्वीकारतो. म्हणून येथे नामासह लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचेही स्मरण विहित आहे. असन्निधानी साधकाला हाच आधार. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’चे मोल यातच आहे.

हा भेद जाणणे म्हणजे परमताची निंदा नव्हे. परंतु शब्दसाम्यावर संतुष्ट होऊन जो लीळा विसरला, त्याच्या जिव्हेवर नाम राहते आणि चित्त रिते राहते. स्मरणास बसताना साधकाने प्रथम हेच तपासावे.