शपथ, भीड आणि हिशेब : रुग्णालयातील चोरीचा एक विचार

लहान रुग्णालय चालविणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांवर हा प्रसंग कधी ना कधी आलेला असतो. गल्ल्यातील रक्कम पावत्यांशी जुळत नाही, किंवा कपाटातील इंजेक्शने नोंदीपेक्षा कमी भरतात. ज्याच्यावर संशय जातो तो माणूस परका नसतो. तो आपल्याच गावाकडचा, कोणा वडीलधाऱ्यांच्या शब्दावर ठेवलेला, आपल्या घरच्या कार्यात राबलेला असतो. अशा वेळी आपल्या समाजातील काही रीती आपोआप पुढे येतात. कोणी देवापुढे शपथ घ्यावयास सुचवितो, कोणी चार प्रतिष्ठितांना मध्ये घालतो, कोणी 'कोणाच्या पोटावर पाय देऊ नये' असे बजावतो. दुसरीकडे रुग्णालयाचा प्रमुख म्हणून आपले कर्तव्य उभे असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा हे वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवीत नाही; म्हणून हा विषय सहव्यवसायी मित्रांपुढे विचारार्थ ठेवीत आहे.

चोरी का घडते?

डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने अपहाराबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन १९५३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या विवेचनावरून पुढे तीन घटकांची मांडणी रूढ झाली : पैशाची निकड, चोरीची संधी आणि 'मी काही वाईट करीत नाही' अशी स्वतःची घातलेली समजूत. क्रेसीचा भर एका गोष्टीवर होता. ती निकड बहुधा अशी असते की माणूस ती कोणापाशी बोलू शकत नाही. आपल्याकडे लग्नाचे कर्ज, जुगार, घरातील व्यसन या गोष्टी लोकलज्जेने झाकल्या जातात. म्हणजे जी लाज माणसाला चोरीपासून परावृत्त करते असे आपण मानतो, तीच त्याला वेळेवर मदत मागू देत नाही.

यांपैकी निकड व समजूत आपल्या हाती फारशी नसतात. संधी मात्र पूर्णपणे आपल्या हाती असते. एकच व्यक्ती पैसे घेते, पावती फाडते आणि रात्री हिशेबही लिहिते, ही व्यवस्था विश्वासाची म्हणून आपण चालवितो. वस्तुतः ती त्या व्यक्तीवरही अन्याय करणारी आहे.

बेलभंडाराची शपथ

आमच्या सीमाभागातील रुग्णालयात काही वर्षांपूर्वी गल्ल्यात वारंवार तूट येऊ लागली. गल्ल्यावर तिघे आळीपाळीने बसत : एक जुन्या मावशी, स्वागतकक्षातील एक मुलगी आणि एका आदरणीय गृहस्थांच्या शिफारशीने आलेला तरुण. कर्मचाऱ्यांनीच सुचविले, 'डॉक्टर, खंडोबाच्या देवळात जाऊ. तिघांनीही बेलभंडार उचलावा.' तो तरुण तत्काळ तयार झाला. मुलीने मात्र नकार दिला. खरी शपथसुद्धा घ्यायची नाही, अशी तिच्या घरची पिढीजात रीत होती. तेवढ्यावरून सर्वांच्या नजरा तिच्याकडे वळल्या.

शपथेची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यांत पुरावा अपुरा पडला की दिव्य केले जाई. तापलेल्या तेलातुपातून धातूचा रवा काढण्याचे रवादिव्य त्यांपैकीच एक. ब्रिटिश अमदानीतील १८७३ च्या शपथ कायद्यातही, एका पक्षाने देऊ केलेली विशेष शपथ दुसऱ्याने घेतली तर ते कथन निर्णायक मानण्याची तरतूद होती. १९६९ च्या शपथ कायद्यात ती ठेवली गेली नाही. कारण उघड आहे. शपथ ही घेणाऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा असते, घटनेची नव्हे. जो देवाला अधिक भितो तो कचरतो, जो कमी भितो तो निश्चिंतपणे भंडारा उचलतो.

म्हणून मी शपथेचा बेत थांबविला आणि नोंदवह्या मागविल्या. इसीजी व ड्रेसिंगच्या नोंदवह्यांतील नावे पावतीपुस्तकाच्या प्रतींशी ताडून पाहिली. ज्या पाळ्यांत पावत्या कमी होत्या, त्या सर्व त्या तरुणाच्या होत्या. दुसऱ्या रुग्णालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सोबत बसवून आम्ही त्याला नोंदी दाखविल्या व त्याचे म्हणणे विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, 'साहेब, बहिणीच्या लग्नाला सावकाराकडून घेतले होते. घरी कुणाला माहीत नाही.'

मध्यस्थी आणि क्षमा

दोनच दिवसांनी वडीलधारी मंडळी आली. 'पोराचे लग्न ठरले आहे. झाले गेले विसरा, कामावर राहू द्या, बाहेर वाच्यता नको,' असे त्यांचे म्हणणे होते. अशा मध्यस्थीला मी तुच्छ मानीत नाही. घर उद्ध्वस्त न होता तंटा मिटविण्याचे शहाणपण तिच्यात आहे. परंतु तिच्यात एक धोका असतो : जे आपले नाही तेही आपण माफ करून बसतो.

गल्ल्यातील पैसे माझे होते. त्यांबाबत उदार होण्याचा अधिकार मला होता. त्या मुलीची अब्रू माझी नव्हती. प्रकरण गुपचूप मिटविले असते तर तिच्यावरील संशय जन्मभर राहिला असता. म्हणून मंडळींना मी सांगितले, 'काका, पैशाचे तुमच्या शब्दावर सोडतो. पण त्या पोरीचा काही संबंध नाही, हे सर्वांसमोर सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.' त्यांनी ते मान्य केले. तरुणाची नोकरी संपली. केलेल्या कामाचा पगार त्याला पूर्ण दिला. रक्कम हप्त्याने फेडण्याचे त्याने स्वतःहून लिहून दिले, मंडळी जामीन राहिली, आणि पोलिसांत मी गेलो नाही. दुसऱ्या रुग्णालयाने विचारणा केल्यास मी खरे तेच सांगेन, हेही त्याला आधीच सांगून ठेवले.

औषधांची चोरी निराळी

पैशाच्या बाबतीत चालणारी ही सवलत औषधांना लावता येत नाही. पेंटाझोसीनसारखी इंजेक्शने व्यसनासाठी वापरली जातात, हे आपण सारे जाणतो. ट्रामाडॉलही २०१८ पासून अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली आले आहे. येथे नुकसान मालकाचे नसून रुग्णाचे असते.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात एक्झेटर रुग्णालयात २०१२ साली हिपॅटायटिस-सीची साथ उघडकीस आली. डेव्हिड क्वियाटकोव्स्की हा तंत्रज्ञ फेंटानिलच्या सिरिंजा चोरून स्वतः टोचून घेई व त्याच सिरिंजा सलाईनने भरून परत ठेवी. त्याला स्वतःला हिपॅटायटिस-सी होता. तीसहून अधिक रुग्णांना त्याची लागण झाली. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. याआधीही औषधचोरीच्या संशयावरून त्याला अन्य रुग्णालये सोडावी लागली होती. पुढच्या रुग्णालयाला मात्र वेळीच सावध केले गेले नाही. 'आपल्याकडून गेला, सुटलो' ही भावना केवळ आपल्याच समाजाची नाही. तिची किंमत कोण देतो, हे या उदाहरणावरून दिसते.

व्यवहारातील काही सूचना

१. पैसे घेणारा आणि हिशेब तपासणारा वेगळा असावा. व्यसनकारक औषधांची शिल्लक प्रत्येक पाळीला दोघांनी मोजून सही करावी. हा नियम डॉक्टरांच्या नातलगांनाही लागू असावा. मग कोणाला त्यात अपमान वाटत नाही.

२. संशय आल्यास प्रथम नोंदी सुरक्षित कराव्यात, नंतर बोलावे. बोलताना एक त्रयस्थ व्यक्ती हजर असावी. कर्मचारी स्त्री असल्यास एक स्त्री अवश्य असावी.

३. कोणाला खोलीत कोंडणे, मारहाण करणे, अंगझडती घेणे कटाक्षाने टाळावे. हे स्वतंत्र अपराध ठरू शकतात. धाक किंवा आमिष दाखवून मिळविलेला कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही.

४. नोकराने केलेली मालकाच्या मालमत्तेची चोरी पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३८१ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३०६ लागू आहे. शिक्षा ७ वर्षांपर्यंतची आहे. इतके गंभीर कलम लावण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. पोलिसांची धमकी देऊन पैसे वसूल करू नयेत.

५. अडचणीत उचल मागण्याची सोय ठेवावी आणि ती मागणाऱ्याची वाच्यता करू नये. लाजेने झाकलेली निकड उघड बोलता आली, तर चोरीचे एक कारणच कमी होते.

आपल्या रीतींत दया आहे, नाते जपण्याची ओढ आहे. ती सोडून देण्याचे कारण नाही. फक्त तिची जागा ठरवून घ्यावी. काय घडले हे नोंदींनी ठरवावे, रुग्णाला व निरपराध सहकाऱ्याला काय देणे लागते हे कर्तव्याने ठरवावे, आणि त्यानंतर जे केवळ आपले उरते त्यात हवे तितके उदार व्हावे.