न्यूट्रॉनचे झोत आणि तुर्भे येथील संशोधन अणुभट्ट्या

देवळाली कॅम्प ज्या नाशिक जिल्ह्यात वसले आहे, त्याच जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे प्रारण केंद्र सुरू झाले. साठवणीतील कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची अल्प मात्रा त्याला देण्याची ही सोय होय. असा कांदा किरणोत्सारी होतो काय, हा प्रश्न ग्रामसभेत वा वर्गात कोणीही विचारू शकेल. त्याचे उत्तर नेमके द्यावयाचे, तर हे कोबाल्ट जेथे तयार होते त्या अणुभट्टीची आणि तेथील न्यूट्रॉन या कणाची ओळख करून घेतली पाहिजे.

न्यूट्रॉनचे वेगळेपण

जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला. या कणावर विद्युतभार नसतो. त्यामुळे तो पदार्थात खोलवर शिरतो व थेट अणुकेंद्रापर्यंत पोहोचतो. अणुकेंद्राने त्याला सामावून घेतले की मूळचे स्थिर द्रव्य किरणोत्सारी बनू शकते. साध्या कोबाल्ट-५९ चे कोबाल्ट-६० होते ते याच रीतीने. गॅमा किरणांची गोष्ट निराळी आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अन्नातील कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या अणुकेंद्रांत फेरबदल घडविण्यास ती अपुरी पडते. शिवाय कोबाल्ट धातूच्या बंद नळ्यांत असते. त्याचा कांद्याला स्पर्शही होत नाही. म्हणून प्रारित कांदा किरणोत्सारी होत नाही.

तुर्भे येथील अणुभट्ट्या

संशोधन अणुभट्टीचा हेतू वीजनिर्मिती नसून न्यूट्रॉन मिळविणे हा असतो. मुंबईतील तुर्भे अर्थात ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली ४० मेगावॅटची 'सायरस' १९६० पासून २०१० च्या अखेरपर्यंत चालली. ८ ऑगस्ट १९८५ रोजी १०० मेगावॅटची 'ध्रुव' कार्यान्वित झाली. तिचे इंधन नैसर्गिक युरेनियम असून न्यूट्रॉनचा वेग मंदावण्यास व उष्णता वाहून नेण्यास जड पाणी वापरतात. तिच्या गाभ्यात दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला कमाल सुमारे १८० लक्ष कोटी न्यूट्रॉन जातात. मूळ 'अप्सरा' २००९ मध्ये बंद करण्यात आली व तिच्या जागी २ मेगावॅटची सुधारित 'अप्सरा' सप्टेंबर २०१८ मध्ये कार्यान्वित झाली. वैद्यकीय व औद्योगिक उपयोगाचे किरणोत्सारी समस्थानिक तयार करणे, हेही या अणुभट्ट्यांचे महत्त्वाचे कार्य होय.

झोतांवरील उपकरणे

मंद केलेल्या न्यूट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटर असतो. त्याची तरंगलांबी घन पदार्थातील शेजारच्या अणूंमधील अंतराइतकीच असल्याने तो पदार्थाच्या अंतर्रचनेचे मोजमाप करू शकतो. 'ध्रुव'च्या भिंतीतील मार्गांतून हे झोत बाहेर काढून उपकरणांकडे नेले जातात.

विवर्तनमापक या उपकरणाने स्फटिकातील अणूंची मांडणी कळते. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरत असल्याने हायड्रोजनसारखा हलका अणू त्यांना जवळजवळ दिसत नाही. न्यूट्रॉनला तो स्पष्ट दिसतो. न्यूट्रॉन स्वतः सूक्ष्म चुंबकासारखा असल्यामुळे पदार्थातील चुंबकीय रचनाही उकलते. लघुकोन प्रकीर्णन उपकरणाने साबणाच्या द्रावणातील रेणूंचे पुंजके मोजता येतात. वर्णपटमापकांनी अणूंची हालचाल व कंपने अभ्यासली जातात. परावर्तनमापक धातूच्या अतिशय पातळ थरांची तपासणी करतो. न्यूट्रॉन छायाचित्रणात शिसे व पोलाद बरेच पारदर्शक ठरतात आणि आतील पाणी, रबर, तेल यांची छाया उमटते. धातूच्या कवचातील स्फोटक भरणीची तपासणी या पद्धतीने करता येते. तोफखान्याच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या देवळालीच्या वाचकांस हा उपयोग विशेष लक्षवेधी वाटेल.

या विद्येचे तुर्भे येथील एक प्रवर्तक डॉ. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडात बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यासमवेत काम केले होते. ब्रॉकहाउस व क्लिफर्ड शल यांना न्यूट्रॉन प्रकीर्णनातील कार्याबद्दल १९९४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षकांसाठी

ही साधने केवळ अणुऊर्जा खात्याच्या शास्त्रज्ञांपुरती राखीव नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेचे एक केंद्र मुंबईत आहे. तिच्यामार्फत विद्यापीठे व महाविद्यालये यांतील संशोधकांस प्रस्ताव पाठवून 'ध्रुव'वर प्रयोग करता येतात. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांनीही या सोयीचा लाभ घेणे इष्ट आहे.

शाळेत मात्र एक भेद ठसविला तरी पुष्कळ होईल. गॅमा किरण अडविण्यास शिसे लागते. न्यूट्रॉन अडविण्यास पाणी, मेण, काँक्रीट यांनी त्याचा वेग कमी करून बोरॉन वा कॅडमियमने त्याला शोषून घ्यावे लागते. 'किरणोत्सर्ग' या एका शब्दाखाली या सर्वांची सरमिसळ झाली की निष्कारण भीती पसरते, आणि जेथे खरी खबरदारी हवी तेथे दुर्लक्ष होते. लोकप्रतिनिधी व शिक्षक यांनी हा भेद समजून घेतल्यास कांद्याविषयीच्या प्रश्नाला ते निःशंकपणे उत्तर देऊ शकतील.