छद्मजनुकांचा पत्ता शोधताना

रोगप्रतिकारक पेशींना संदेश पोचवणाऱ्या रिसेप्टरांची जनुकं वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. या कामात सर्वांत जास्त चकवतात ती छद्मजनुकं, म्हणजे प्रथिन बनवण्याची क्षमता गमावलेल्या जनुकांच्या प्रती. नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी हे चार बोल.

१. नुसत्या साम्यावर विसंबू नका. इंटरल्यूकिन-९चा रिसेप्टर बनवणारं आयएल९आर हे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांच्या लांब भुजेच्या टोकाला आहे. त्याची छद्मरूपं ९, १०, १६ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या टोकांवर आहेत, हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. आता १५० अक्षरांचा एक रीड, म्हणजे यंत्राने वाचलेला डीएनएचा तुकडा, घ्या. तो यांपैकी नेमका कुठला, हे सॉफ्टवेअरला अनेकदा ठरवताच येत नाही. ते त्याला कुठेतरी बसवतं आणि मॅपिंगच्या खात्रीचा आकडा शून्य देतं. असे रीड गाळले तर खरा बदल हातचा जातो. ठेवले तर नसलेला बदल दिसू लागतो. त्यात संदर्भ जीनोममधला वायवरचा हा भाग झाकलेला नसेल, तर खरं जनुकसुद्धा दोन जागी दिसतं! हजारो अक्षरांचे लांब रीड शेजारचा वेगळा मजकूरही सोबत आणतात. मी भरवसा ठेवते तो या शेजारावर.

२. इंट्रॉन आधी बघा. ते नसतील आणि शेवटी ‘ए’ अक्षरांची शेपटी असेल, तर ती प्रत आरएनएवरून उलट नकलून जीनोममध्ये घुसलेली असते. आरएनएच्या नमुन्यात थोडा जरी डीएनए उरला, तरी पीसीआरमध्ये ती खऱ्या जनुकाच्या आरएनएइतक्याच लांबीचा पट्टा देते. म्हणून डीएनेज वापराच, आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली एक नळी कायम सोबत चालवा.

३. उंदरावरून माणसाचा अंदाज बांधू नका. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं प्रोफिलिन ओळखणाऱ्या उंदराच्या रिसेप्टरचं टीएलआर११ हे जनुक माणसात छद्मजनुक होऊन बसलं आहे. टीएलआर१०चं नेमकं उलट: माणसात शाबूत, उंदरात मोडलेलं.

४. जागा लिहिताना जीनोमची आवृत्तीही लिहा. जीआरसीएच३७ आणि जीआरसीएच३८ यांमध्ये एकाच जनुकाचे आकडे वेगळे असतात.

रुग्णाचा अहवाल तुमच्या हातात असेल, तर एवढी विनंती: ज्या जनुकाला छद्मरूपं आहेत, त्यातला बदल दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय सही करू नका.