टोपीवाले वेडे का झाले?

‘तो कानाचा हलका आहे’ या वाक्याचे शब्दशः इंग्रजी भाषांतर करून पाहा. ते ऐकून इंग्रज माणूस बिचाऱ्याच्या कानाचे वजन करू लागेल! उलट, एखाद्या मुलीला ‘स्वीट टूथ’ आहे असे वाचून तिचा दात गोड आहे असे आपण समजलो, तर आपलीही तशीच फजिती होईल. खरा अर्थ एवढाच, की तिला गोड पदार्थ फार आवडतात. वाक्प्रचाराचा अर्थ सुट्या शब्दांत सापडत नाही. तो अखंडच शिकावा लागतो. माणसांचे वर्णन करणारे तीन इंग्रजी वाक्प्रचार आज आपण शिकू आणि विज्ञानाच्या कसोटीवर घासूनही पाहू.

१. ब्लाइंड अ‍ॅज अ बॅट : अर्थ, ज्याला फारच कमी दिसते असा. पण वटवाघळे आंधळी नसतात! फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे डोळे टपोरे असून अंधुक प्रकाशातही त्यांना चांगले दिसते. कीटक खाणारी लहान वटवाघळे मुख्यतः आपल्याला ऐकू न येणारे उच्च कंप्रतेचे आवाज काढतात आणि त्यांच्या प्रतिध्वनींवरून भक्ष्य शोधतात. तरी त्यांनाही डोळे असतात व दिसते.

२. ईट लाइक अ बर्ड : अर्थ, अगदी थोडे खाणे. मराठीतही आपण ‘चिमणीएवढे खातो’ म्हणतो. हेही फसवे आहे. आकार जितका लहान, तितके वजनाच्या मानाने शरीराचे पृष्ठफळ जास्त. त्यामुळे उष्णता लवकर निघून जाते. ती भरून काढण्यासाठी लहान पक्ष्यांना सतत खावे लागते. अमेरिकेतील हमिंगबर्ड तर दिवसात स्वतःच्या वजनाहून अधिक मधुरस पिऊ शकतो. ४० किलो वजनाच्या मुलाने असे ‘पक्ष्यासारखे’ खायचे ठरवले, तर आईने काय करावे?

३. मॅड अ‍ॅज अ हॅटर : अर्थ, ठार वेडा. हॅटर म्हणजे टोप्या बनवणारा. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या लुईस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टीत असा टोपीवाला आहे, पण वाक्प्रचार त्याहून जुना. त्याच्या उगमाबद्दल भाषातज्ज्ञांत एकमत नाही. टोपीवाल्यांचा आजार मात्र अगदी खरा होता.

नमद्याच्या टोप्या सशाच्या केसांपासून बनत. केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून ते पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणाने भिजवीत. पुढे वाफ व उष्णता देताना पाऱ्याची वाफ कोंदट कारखान्यात पसरे आणि श्वासावाटे कामगारांच्या शरीरात जाई. मग हात थरथरत, स्मरणशक्ती कमी होई, माणूस बुजरा आणि चिडखोर बने. अमेरिकेत डॅनबरी या टोप्यांच्या गावी या थरथरीला गावाचेच नाव पडले होते. तेथे नमद्यासाठी पाऱ्याचा वापर १९४१ साली बंद झाला. म्हणजे लोक ज्यांना वेडे म्हणून हसत होते, ते विषबाधा झालेले कामगार होते!

पाऱ्याला रंग आहे, चकाकी आहे. पण त्याच्या वाफेला ना रंग, ना वास. म्हणून प्रयोगशाळेत तापमापी फुटली, तर पाऱ्याच्या गोळ्यांशी खेळू नका; खिडक्या उघडा, दूर व्हा आणि शिक्षकांना सांगा.

वाक्प्रचार जरूर शिका, वापरा. मात्र वाक्प्रचार म्हणजे विज्ञानातील पुरावा नव्हे, हे विसरू नका. आणि कुणाला हसण्यापूर्वी त्याच्या वागण्याचे कारण शोधा.

स्वाध्याय : ‘बुकवर्म’ म्हणजे कसा माणूस? जुनी पुस्तके खरोखर कोणते कीटक पोखरतात? शाळेच्या ग्रंथालयात शोध घ्या. मराठीत ‘पारा चढणे’ हा वाक्प्रचार कोणत्या उपकरणावरून आला असावा?