विमानतळाचा हवामान अहवाल कसा वाचावा?

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना हवामानशास्त्राची परीक्षा द्यावीच लागते. पुष्कळजण संकेतांची यादी पाठ करून ती उत्तीर्णही होतात. परंतु अहवाल वाचता येणे आणि त्यावरून निर्णय घेता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून आम्ही येथे एका उदाहरणावरून हा विषय मांडीत आहोत.

विमानतळावर आता काय दिसते ते सांगणाऱ्या अहवालास ‘मेटार’ म्हणतात. पुढील काही तासांत काय संभवते ते सांगणारा अंदाज म्हणजे ‘टाफ’. भारतात दोन्ही हवामान खात्याची विमानतळावरील कार्यालये देतात. मोठ्या विमानतळांचा मेटार दर अर्ध्या तासाने निघतो. मुंबईचा पावसाळ्यातील एक नमुना पाहू. प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत येतो.

व्हीएबीबी १२११३०झेड २६०१४जी२६केटी १५०० टीएसआरए एससीटी०१० एफईडब्ल्यू०२५सीबी ओव्हीसी०८० २६/२५ क्यू१००२

व्हीएबीबी म्हणजे मुंबई. बारा तारीख, ग्रीनिच वेळ ११.३०. तीत साडेपाच तास मिळवावेत, म्हणजे आपले सायंकाळचे पाच. पुढे वारा. तो २६० अंशांकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, वेग १४ नॉट, झोत २६ पर्यंत. आकडा वारा कोठून येतो ते सांगतो, कोठे जातो ते नव्हे. नवशिके येथेच गोंधळतात. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर हा वारा समोरून मिळेल. त्याच पट्टीवर उलट बाजूने, ०९ वर, उतरल्यास तो पाठीमागून ढकलील.

पाठवारा किती महाग पडतो? ७ ऑगस्ट २०२० रोजी केरळात कोळिकोडे येथे दुबईहून आलेले विमान पावसात १० क्रमांकाच्या पट्टीवर पाठवाऱ्याने उतरले. सुमारे ८,८५० फुटांच्या पट्टीचे निम्मे अंतर गेल्यावर चाके टेकली आणि विमान पट्टीपलीकडे खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण दगावले. कारणे अनेक होती, पण वारा हे त्यांतील एक होते.

१५०० म्हणजे दृश्यमानता दीड हजार मीटर. टीएसआरए म्हणजे गडगडाटासह पाऊस. ढगांसाठी आकाशाचे आठ भाग कल्पितात. एफईडब्ल्यू म्हणजे एक-दोन भाग, एससीटी तीन-चार, बीकेएन पाच ते सात, ओव्हीसी म्हणजे पूर्ण आच्छादन. उंची शेकडा फुटांत असते. येथे हजार फुटांवर ढग आहेत, परंतु ते अर्ध्याहून अधिक आकाश व्यापीत नाहीत, म्हणून त्यांना ‘छत’ मानीत नाहीत. छत आठ हजारांवर आहे. मात्र खरा धोका ‘सीबी’ या दोन अक्षरांत, म्हणजे गडगडाटी ढगात आहे. तो आकाशाचा एकच भाग व्यापीत असला तरी त्याला वळसाच घालावा.

तापमान २६, दवबिंदू २५. मुंबईच्या पावसाळ्यात एवढे कमी अंतर नेहमीचेच. डिसेंबरात दिल्लीत रात्री असे आकडे जवळ येऊ लागले तर धुके जवळ आले असे समजावे.

शेवटी दाब, १००२ हेक्टोपास्कल. उंचीमापक प्रमाण दाबावर, म्हणजे १०१३ वर, तसाच राहिला तर अकरा हेक्टोपास्कलचा फरक पडतो. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरले, तर विमान मापकावर दिसते त्यापेक्षा जवळजवळ ३०० फूट खाली असते. ढगातून उतरताना हे तीनशे फूट थोडे नव्हेत.

आता टाफ. त्यातील ‘बीईसीएमजी’ म्हणजे बदल होईल आणि टिकेल. ‘टेंपो’ म्हणजे बदल अधूनमधून येईल, प्रत्येक वेळी तासाभराहून कमी राहील आणि एकंदर निम्म्याहून कमी काळ व्यापील. ‘प्रॉब३०’ म्हणजे शंभरात तीस शक्यता.

समजा, त्याच दिवशी सायंकाळी सहाला नागपूरहून मुंबईस निघावयाचे आहे. नवा मेटार सांगतो, पाऊस थांबला, दृश्यमानता ५००० मीटर. कोणालाही हायसे वाटेल. पण टाफमध्ये ‘टेंपो १२१२/१२१६ १००० टीएसआरए’ असे आहे, म्हणजे आपल्या साडेपाचपासून साडेनऊपर्यंत. आपण पोहोचणार साडेसातला. ‘अधूनमधून’ची ती वेळ नेमकी आपल्याच वाट्याला येईल, असे धरूनच आम्ही विद्यार्थ्यांना हिशेब करावयास लावतो. मुंबईवर घिरट्या घालण्यापुरते आणि तेथून अहमदाबादेस जाऊन उतरण्यापुरते इंधन नागपुरातच भरून घ्यावे, आणि कोणत्या आकड्याला मुंबई सोडावयाची तेही जमिनीवर असतानाच लिहून ठेवावे.