आधी उतार, मग चढ

कॅलिफोर्नियात मॉर्गन हिलच्या वरच्या डोंगरांत हेन्री डब्ल्यू. को स्टेट पार्क आहे. विस्तार सुमारे ८७,००० एकर. सिलिकॉन व्हॅलीतून तिथे मुक्कामाला निघणाऱ्या नव्या भिडूंना मी हे हमखास ऐकवते.

१. सह्याद्रीत आधी गड चढायचा आणि दमल्यावर उतरायचं. इथे सगळं उलटं. गाडी लागते ती माथ्यावर. कायोटी क्रीकमधला चायना होल हा डोह तिथून सुमारे दीड हजार फूट खाली. जाताना सगळेच हौसेने पळतात. परतीचा चढ नेमका भर दुपारी वाट्याला येतो. म्हणून आखणी परतीपासून सुरू करा. ऊन तापायच्या आत वर यायचं असेल तर खालून किती वाजता निघायचं, हे आधी ठरवा. गटातला सगळ्यात सावकाश चालणारा तो चढ किती वेळात चढेल, तोच हिशेब धरा.

२. नकाशावर निळी रेघ दिसली म्हणजे ओढ्याला पाणी आहेच, असं नाही. इथला पाऊस हिवाळ्यातला. मार्च-एप्रिलमध्ये ओढे वाहतात, रानफुलं फुलतात. उन्हाळ्यात ओढ्यांची डबकी होतात आणि पारा शंभर फॅरनहाइटवर जातो. कुठला झरा चालू आहे, हे निघताना व्हिजिटर सेंटरमध्ये विचारायचं. तिथल्या स्वयंसेवकांना ते तोंडपाठ असतं. मिळालेलं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यायचं. रानडुकरं त्यातच लोळतात.

३. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांमधल्या बऱ्याच तंबूच्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी सकाळी आठला खुलं होतं. वसंतातला शनिवार हवा असेल तर गजर लावा. आत रानात राहायचं असेल तर परवाना वेगळा.

४. पळसाला पानं तीन, तशी पॉयझन ओकलाही. मधल्या पानाचा देठ लांब, पानं कोवळी असताना तुकतुकीत, पुढे लालभडक. फोटो काढावासा वाटतो, तिथेच घात. त्यातलं तेल कातडीला लागलं की खाज आठवडाभर तरी पिच्छा सोडत नाही. हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात, त्यांनाही ते तेल असतंच. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. गोचिड्यांपासूनही तेवढाच बचाव.

५. रानातल्या मुक्कामी शेकोटी चालत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यात पार्कचा मोठा भाग जळाला. तिथली काळी खोडं पाहिली की कुणी हुज्जत घालत नाही. पहिल्या रात्री दशम्या आणि लसणाची चटणी. सकाळी घरून भाजून आणलेल्या रव्याचा उपमा, छोट्या गॅसवर. लाडू मात्र गाडीत किंवा घट्ट झाकणाच्या पेटीत. रॅकूनला साध्या डब्याचं झाकण सहज उघडता येतं, आणि उशाशी लाडू ठेवणाऱ्याच्या तंबूत झोपायला आमच्यात कुणी तयार नसतं.