परवान्याची ओळ आधी वाचा

पदवीच्या वर्गाला प्राणिवर्तन शिकवायचं तर पुस्तकाचा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. परदेशी पाठ्यपुस्तकाची भारतीय आवृत्तीसुद्धा अलिबागजवळच्या किहीम-चोंढीहून एसटीनं येणाऱ्या पोरांना परवडत नाही. एका वर्षी एका प्रकाशकाचा प्रतिनिधी आला आणि अख्ख्या वर्गाला ई-पुस्तक मोफत देऊन गेला. मुलं खूश. खुणा, टिपणं सगळं त्यातच. परीक्षा तोंडावर आली आणि पुस्तक उघडेना. मोफत मुदत संपली होती, पुढं पैसे भरायचे. टिपणंही आतच अडकली.

म्हणून नव्या प्राध्यापकांना सांगतो, मोफत आहे एवढ्यावर हुरळू नका, परवाना कोणता ते बघा. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं जीवशास्त्राचं पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. श्रेय द्या आणि उतरवून घ्या, छापा, मराठीत आणा. दिलेला हक्क कोणी काढून घेत नाही. उतरवून मात्र घ्याच, आणि एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वीज आणि नेटवर्क कितीतरी दिवस नव्हतं. कोविडमुळे शिक्षण तर फोनवरच आलेलं. लिंक पाठवून काय उपयोग?

ओपनस्टॅक्सच्या पुस्तकात वर्तनाचा भाग आटोपशीर आहे आणि उदाहरणं बहुतेक तिकडची. ती कसर भरून काढायला आम्हाला लांब जावं लागत नाही. १९३० साली पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला तो किहीमलाच; लेख १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये आला. नर घरटं अर्धवट विणतो, मादी पाहून पसंत करते, मग ते पुरं होतं. आणि हा गडी दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी लागतो. जोडीदाराची निवड शिकवायला आणखी काय हवं? जर्नलचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. पण वाचायला मोकळं म्हणजे हवं तसं छापायला मोकळं नव्हे, तिथली परवान्याची ओळही वाचावी.

झेरॉक्सच्या नावानं घाबरवणारे भेटतील. त्यांना दिल्ली विद्यापीठाचा खटला सांगा. ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये तिथल्या झेरॉक्सच्या दुकानावर दावा लावला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवलं: शिकवण्याच्या ओघात गरजेपुरत्या प्रती काढायला मुभा आहे. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी माघार घेतली. अख्खं पुस्तक काढून विकायची सोय मात्र यातून शोधू नका.

राहिला भाषेचा प्रश्न. अलींचा लेख इंग्रजीत, मराठी माध्यमातली मुलं अडखळतात. परवान्यातच मुभा नसेल तर भाषांतराला परवानगी लागते. स्वतःच्या शब्दांत सारांश लिहायला ती लागत नाही. मी लिहिला. त्यातल्या चुका मुलंच काढतात, घरटी त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलेली असतात.